पंपाची पूर्वसूचना

चेन्नई हे डिझेल इंजिनाने घडविलेले शहर आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. १९४८ साली स्थापन झालेली ‘अशोक मोटर्स’ १९५५ मध्ये ‘अशोक लेलँड’ झाली आणि शहराच्या उत्तरेकडील एन्नोर येथील तिच्या कारखान्यातून बाहेर पडलेले मालट्रक व बसगाड्या देशभर धावू लागल्या. १८४० साली घोडागाड्या बांधण्यापासून सुरुवात केलेली ‘सिम्पसन’ ही कंपनी पुढे सेंबियम येथे डिझेल इंजिने बनवू लागली. श्रीपेरुंबुदूरजवळच्या मन्नूर येथे, डेल्फी-टीव्हीएस या नावाने परिचित झालेल्या कारखान्यात, या इंजिनांना इंधन पुरविणारे पंप तयार होऊ लागले. काशिमेडूच्या मच्छीमार बंदरातील यांत्रिक बोटी, माधवरमच्या ट्रक टर्मिनलवरील मालवाहू गाड्या आणि कार्यालयांमागे उभे असलेले जनरेटर हे सारे डिझेलवरच चालतात.

यांतील कितीतरी इंजिने बँकेच्या कर्जातून घेतलेली असतात. इंजिन चालले तर भाडे मिळते, भाडे मिळाले तर हप्ता भरला जातो. इंजिन अचानक बंद पडले, तर गाडी गॅरेजमध्ये आणि मालक बँकेच्या दारात, अशी स्थिती ओढवते. वस्तुतः फ्युएल पंप हा इंजिनाचा असा भाग आहे की तो सहसा एकाएकी दगा देत नाही. आठवडेच्या आठवडे आधीपासून तो सूचना देत असतो. ती सूचना ओळखता आली, तर किरकोळ दुरुस्तीत भागते. ओळखता आली नाही, तर पंपाबरोबर इतरही महागडे भाग बदलण्याची पाळी येते.

पंप करतो काय?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेटते. हा फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आणि प्रचंड दाबाने सोडला जावा, ही व्यवस्था पंपाची. रॉबर्ट बॉश यांच्या जर्मन कंपनीने १९२७ साली अशा पंपांचे कारखानदारी उत्पादन सुरू केले आणि त्यानंतरच डिझेल इंजिन रस्त्यावरील वाहनांत खऱ्या अर्थाने रुळले.

बहुतेक जुन्या इंजिनांत दोन पंप असतात. पहिला फीड पंप. तो टाकीतील डिझेल ओढून फिल्टरमार्फत पुढे पाठवितो. दुसरा मुख्य पंप. तो त्या डिझेलवर दाब निर्माण करून ते नोझलपर्यंत पोहोचवितो. मेकॅनिक मंडळी नुसते ‘पंप’ म्हणतात, तेव्हा त्यांना हाच अभिप्रेत असतो. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत मुख्य पंप डिझेल एका सामाईक नळीत साठवितो आणि तेथून संगणकाच्या आज्ञेनुसार प्रत्येक इंजेक्टर उघडतो. या नळीतील दाब हवेच्या दाबाच्या सोळाशे ते दोन हजार पटीपर्यंत जातो.

या कामाची गती विचारात घेण्यासारखी आहे. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे सर्व मिळून ६,००० वेळा इंधन द्यावे लागते. सेकंदाला हे प्रमाण शंभर वेळा पडते. मुख्य पंपातील प्लंजर आणि बॅरल यांच्यामधील फट अवघी दोन ते चार मायक्रॉनची असते, तर माणसाच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन भरते. इतक्या अरुंद फटीत वंगणाचे काम खुद्द डिझेलच करते. त्यामुळे डिझेलमध्ये पाणी, धूळ किंवा भेसळ शिरली की पहिला घाव पंपावर बसतो.

सूचना कोणत्या क्रमाने येतात?

पंपाचा आजार बहुधा तीन प्रसंगी प्रथम जाणवतो: चढावर, गरम अवस्थेत आणि सुरू करताना.

चढाचे उदाहरण चेन्नईच्या रस्त्यावरच मिळते. चेन्नईहून मुंबईकडे येणारा महामार्ग, आजच्या क्रमांकाने राष्ट्रीय महामार्ग ४८, आरंभी सपाट किनारी प्रदेशातून जातो. येथे अशक्त पंपही गाडी ओढून नेतो आणि चालकाला काही जाणवत नाही. कृष्णगिरी ओलांडून होसूरकडे निघाल्यावर मात्र रस्ता सुमारे ९०० मीटर उंचीच्या बंगळुरूच्या पठारावर चढू लागतो. एरवी वरच्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी तेथे रेंगाळते, एक गिअर खाली घ्यावा लागतो, पिकअप मिळत नाही. पुढे कोल्हापूर, सातारा ओलांडून पुण्याकडे येताना खंबाटकी घाटात हेच पुन्हा घडले, तर तो योगायोग समजू नये. ‘आज माल जड आहे’ अशी स्वतःची समजूत घालणे ही या टप्प्यावरची सर्वांत सामान्य चूक होय.

अशा वेळी एक्झॉस्टकडे पाहावे. ताकद कमी झाली असून काळा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते आहे पण नीट जळत नाही. एअर फिल्टर, टर्बो, नोझल किंवा इंधन सोडण्याचे टायमिंग यांकडे संशय जातो. ताकद कमी झाली असून धूर मात्र वाढलेला नसेल, तर इंजिनाला इंधनच अपुरे पडते आहे, असे समजावे. पंप व त्याच्याकडे येणारा पुरवठा यांची तपासणी तेव्हा आवश्यक ठरते.

दुसरी सूचना गरम इंजिनाची. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. पण दुपारी ढाब्यावर अर्धा तास थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायला कां कूं करते आणि थंड झाल्यावर निमूटपणे चालू होते. झिजलेल्या प्लंजरमधून किंवा रोटरमधून गरम, पातळ झालेले डिझेल निसटते आणि दाब तयार होत नाही, हे त्याचे कारण. काही मेकॅनिक अशा वेळी पंपावर पाणी ओततात. गाडी त्याने सुरू होतेही. पण एकदम गार झालेले आवरण आतील तप्त रोटरवर आवळले जाऊन पंप जागीच जाम होण्याचा धोका असतो. फार तर ओले फडके ठेवावे आणि त्याने फरक पडला, तर पंप झिजल्याचे निदान झाले असे मानून गाडी दुरुस्तीस न्यावी.

तिसरी सूचना सुरू करतानाची. दोन-तीन सेकंदांत चालू होणाऱ्या इंजिनाला दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. या वेळी एक्झॉस्टमधून पांढरा धूर दिसला, तर डिझेल सिलिंडरमध्ये जाते आहे, फक्त पेटत नाही. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. एवढ्या एका निरीक्षणाने मेकॅनिकचा बराच वेळ आणि मालकाचा बराच खर्च वाचतो.

यांखेरीज काही खुणा नेहमीच्या पाहणीत सापडतात. इंजिन न्यूट्रलमध्ये एकसारखे न चालता कमी-जास्त होत राहणे, ज्याला मेकॅनिक ‘हंटिंग’ म्हणतात, हे गव्हर्नरच्या बिघाडाचे किंवा इंधनात हवा शिरल्याचे चिन्ह असते. पंपाच्या शाफ्टजवळ ओलसरपणा दिसणे म्हणजे सील गेले. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढणे ही तर फार गंभीर खूण. वाढलेली पातळी पाहून ‘ऑइल कमी होत नाही’ म्हणून समाधान मानणारे चालक आढळतात. वास्तविक त्या ऑइलमध्ये डिझेल मिसळत असते. डिपस्टिकला डिझेलचा वास आला आणि ऑइल पातळ लागले, तर गाडी तत्काळ थांबवावी. अन्यथा बेअरिंग जाऊन संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

गव्हर्नर किंवा रॅक अडकल्यास ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचे फेरे वाढतच जातात. असे घडल्यास वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ही गाडी दुरुस्तीशिवाय पुन्हा रस्त्यावर आणू नये.

कॉमन रेल इंजिनात संगणक नळीतील दाबावर सतत लक्ष ठेवतो. दाब घटला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिनाची ताकद मुद्दाम मर्यादित केली जाते. स्कॅनर लावून दिवा घालविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. फिल्टर बदलताना तळाशी चकाकणारे धातूचे कण दिसले, तर पंप आतून खरवडला जात आहे. हे कण पुढे नळीत आणि इंजेक्टरमध्ये जातात आणि मग केवळ पंप बदलून भागत नाही.

पंपावर शेवटी संशय घ्यावा

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. वर दिलेल्या लक्षणांपैकी बरीचशी लक्षणे पंप निर्दोष असतानाही दिसतात. तुंबलेला फिल्टर, सैल झालेली क्लिप, चिरलेला रबरी पाइप, टाकीच्या झाकणातील बुजलेले हवेचे छिद्र किंवा फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी यांपैकी कोणतेही कारण पंपाला उपाशी ठेवू शकते. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा.

प्रथम फिल्टरच्या तळातील पाणी सोडून पाहावे आणि फिल्टर बदलावा. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. तेवढ्यानेच ताकद परत आली, तर दोष झाकणातील छिद्राचा ठरतो. नंतर टाकीपासून फीड पंपापर्यंतचे सांधे तपासावेत, कारण या भागात डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. गाडीने ‘एअर धरली’ असे म्हणतात ते हेच. हँड प्राइमर मारून एअर काढल्यावर गाडी चालू झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार आली, तर कुठेतरी सांधा सैल आहे हे निश्चित. एवढे सारे नीट असूनही लक्षणे टिकली, तरच पंप उतरवावा.

जुन्या इंजिनात एअर काढण्यासाठी नोझलकडील नट सैल करून सेल्फ मारण्याची पद्धत आहे. कॉमन रेल इंजिनात ही पद्धत कदापि वापरू नये. तेथील दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. गळती शोधण्यासाठी बोट फिरविणेही तितकेच घातक. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे आणि अशी इजा झालीच, तर जखम किती लहान दिसते याचा विचार न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पंप बिघडतो कशाने?

पाणी, धूळ आणि भेसळ हे पंपाचे तीन शत्रू. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळू लागले आणि त्यातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत कमाल १० भाग इतके खाली आले. प्रदूषणाच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो, म्हणून तेलशुद्धीकरण कारखाने त्यात वंगण वाढविणारे द्रव्य मिसळतात. अशा मोजूनमापून सिद्ध केलेल्या डिझेलमध्ये रॉकेल मिसळले गेले, तर वंगण आणखी पातळ होते आणि दोन-चार मायक्रॉनच्या फटीत धातूवर धातू घासू लागतो. रस्त्याच्या कडेला पिंपातून स्वस्तात मिळणारे डिझेल शेवटी किती महाग पडते, याचा हिशेब येथे लागतो.

चेन्नईत पाण्याचा धोका विशेष आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळात शहराच्या अनेक भागांत उभी वाहने पाण्याखाली गेली. बुडालेल्या वाहनाची चावी फिरविण्याचा मोह टाळणे, हा यावरील पहिला उपाय. काही गाड्यांत चावी नुसती ‘ऑन’ केली तरी टाकीतील विद्युत पंप सुरू होतो आणि पाणी थेट मुख्य पंपापर्यंत ढकलले जाते. टाकी रिकामी करून, पाइप व फिल्टर स्वच्छ केल्यावरच इंजिनाला हात लावावा.

बोट आणि जनरेटर

ट्रक बिघडला तर रस्त्याच्या कडेला घेता येतो. बोटीला ती सोय नाही. काशिमेडूहून कित्येक दिवसांच्या फेरीसाठी निघणाऱ्या बोटीचे इंजिन तासन्‌तास एकाच भारावर चालते. जाळे ओढताना फेरे घसरू लागले आणि थ्रॉटल वाढवूनही पूर्वपदावर आले नाहीत, तर ती पंपाची किंवा फिल्टरची हाक समजावी. खवळलेल्या समुद्रात टाकीतील डिझेल घुसळले जाते, तळाचे पाणी व गाळ वर येतो आणि नेमक्या अडचणीच्या वेळी फिल्टर तुंबतो. म्हणून किनारा सोडण्यापूर्वी टाकीच्या तळातील पाणी सोडणे आणि किमान दोन सुटे फिल्टर सोबत ठेवणे, हा जीव वाचविणारा नियम आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. उत्पन्न थांबलेला हा काळ पंप बेंचवर तपासून घेण्यास सर्वांत योग्य. बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत इंजिन बंद पडणे म्हणजे वर्षाचा आरंभच तोट्याने होणे.

बँकेच्या शाखेतील जनरेटरची गोष्ट उलट आहे. तो क्वचित चालतो आणि त्यामुळेच बिघडतो. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डिझेलखाली पाणी साचते आणि त्या पाण्याच्या पृष्ठभागी सूक्ष्मजीवांचा चिकट थर वाढतो. ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी सामान्यतः असे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे या गतीने चालावे लागते. भार येताच गती किंचित खाली येणे स्वाभाविक आहे; परंतु ती स्थिर न होता वर-खाली होत राहिली, तर दिवे लुकलुकतात आणि यूपीएस जनरेटरची वीज स्वीकारत नाही. अशा वेळी यूपीएसला दोष देण्याआधी जनरेटरचा फिल्टर व पंप पाहावा. आठवड्यातून एकदा जनरेटर भारासह चालविणे आणि टाकीतील पाणी वेळोवेळी सोडणे एवढ्याने ही वेळ सहसा येत नाही.

हप्त्याचे गणित

कर्ज खात्याबाबत बँकांना एक नियम पाळावा लागतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, तर खाते अनुत्पादक ठरते. त्यापूर्वी ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर खात्याची ‘विशेष उल्लेख’ म्हणून नोंद होते, ती त्यातील आजार वेळीच लक्षात यावा म्हणून. इंजिनाबाबतही मालकाने अशीच नोंद ठेवावी. त्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक वेळी भरलेले डिझेल, धावलेले किलोमीटर, ऑइलची पातळी, फिल्टर बदलल्याची तारीख आणि चालकाने सांगितलेली बारीकसारीक तक्रार एवढे त्यात असले म्हणजे झाले.

समजा, एक ट्रक महिन्याला ६,००० किलोमीटर धावतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो. त्याला १,५०० लिटर डिझेल लागेल. ॲव्हरेज ४ वरून ३.७५ वर आले, तर १,६०० लिटर लागेल. लिटरला ९० रुपये धरले, तरी महिन्याला ९,००० रुपये अधिक गेले. पाव किलोमीटरचा हा फरक चालकाला गाडी चालविताना कळत नाही, वहीत मात्र तत्काळ दिसतो.

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. वाहन विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी दरमहा ठराविक रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकणे श्रेयस्कर. दुसरे असे की, पंप दुरुस्तीस दिल्यावर केवळ बिलावर समाधान मानू नये. टेस्ट बेंचवर पंप चढविल्यावर प्रत्येक सिलिंडरला ठराविक स्ट्रोकमध्ये किती इंधन मिळते, हे मोजले जाते. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे हे आकडे मागून घ्यावेत, बदललेले जुने भाग परत घ्यावेत आणि पंपाला सील लावले आहे की नाही, हे पाहावे. बाहेर कोणी स्क्रू फिरवून ‘ताकद वाढवून’ देत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

चालक हा या साऱ्या व्यवहारातील पहिला साक्षीदार असतो. गाडी चढावर कशी ओढते, गरम असताना कशी सुरू होते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. फेरीहून परतलेल्या चालकाला ‘माल पोहोचला का?’ या प्रश्नाबरोबर ‘गाडीने चढ कसा घेतला?’ हा प्रश्न मालकाने नेमाने विचारला आणि उत्तर वहीत उतरवून ठेवले, तर पंपाची पूर्वसूचना सहसा वाया जाणार नाही.